लाल फुली नसलेली पुडी

घंटागाडी येण्याआधीच आप्पा गल्लीच्या तोंडावर हजर असत. पायजमा, अंगात जुना स्वेटर आणि हातात बांबूची कामटी. प्रत्येकाची सुक्या कचऱ्याची पिशवी कामटीने चाळून ते निकाल द्यायचे, "रिजेक्ट. माल घरी न्या." शिरूरजवळच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म क्वालिटी तपासण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. श्रीखंडाचा डबा न धुता टाकला म्हणून मलाही त्यांनी भर गल्लीतून परत पाठवले होते. मी पुढे कितीतरी दिवस फुगून बसले होते.

"ताई, एका उष्ट्या डब्यानं पोतंभर कागद नासतो," ते म्हणायचे. "आन् त्यात शोभाताईचा हात जातो, तुमचा न्हाई." शोभाताई नगरपालिकेच्या शेडमध्ये शहराचा सुका कचरा निवडत. डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचे, पुडीवर लाल फुली काढायची आणि गाडीवर वेगळे द्यायचे, हा गल्लीतला नियम आप्पांनीच घालून दिलेला. गल्लीतली पूजा बाळंत होऊन सासरी परतली, तेव्हा ते स्वतः लाल खडू घेऊन तिच्या दारात गेले होते.

त्यांच्या पत्नी ताराकाकू राहू गावच्या बागायतदाराच्या लेक. साडीची निरी विस्कटलेली असताना त्या कधी उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत. गेल्या थंडीत त्या दिसेनाशाच झाल्या. विचारले तर आप्पा म्हणत, "गुडघं दुखत्यात तिचं," आणि दार लोटून घेत. दोघेच म्हातारे घरात, मुलगा परगावी.

त्याच सुमारास आमच्या गल्लीचा कागद ओला, घाण निघू लागला. दौंडच्या रद्दीच्या व्यापाऱ्याने तर अख्खा टेम्पो परत पाठवला. दुसऱ्या सकाळी शोभाताई गाडीबरोबर आल्या, त्या तावातावानेच.

"रद्दीच्या घडीत डायपर निघत्यात. तुकडं करून मुद्दाम लपवल्यालं. आमी मानसं न्हाई व्हय? साहेब म्हनलं, आसंच चाललं तर ह्या गल्लीची गाडी बंद."

सगळ्यांच्या नजरा पूजाकडे वळल्या. गल्लीत तान्हे बाळ तिच्याच घरात. "मी रोज फुली काढून देते," ती सांगत होती, पण तिच्या सासूनेच सगळ्यांसमोर तोंड सोडले. "माहेरी हेच शिकवलं का?" पूजा बाळाला छातीशी धरून रडायला लागली. मी आप्पांकडे पाहिले. आता हेही पोरीला झापणार, असे मला वाटले.

"पोरीला बोलू नका," आप्पा म्हणाले. "ते माझ्या घरातलं हाय."

पूजाची सासू दोन पावले मागे सरली.

"तारा अंथरुणाला खिळलीय. माझ्या दारातनं फुलीची पुडी निघाली की गल्लीला कळंल, म्हनून तिनं मला शपथ घातली व्हती." मग शोभाताईंसमोर त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं."

काकूंची खाट गल्लीकडच्या खिडकीशीच होती. त्यांनी सगळे ऐकले.

मग आम्ही बायका काकूंकडे जाऊ लागलो. पूजा त्यांचे केस विंचरायची. सुरुवातीला त्या पदराने तोंड झाकून घ्यायच्या. हळूहळू बोलू लागल्या, बाळाकडे बघून हसूही लागल्या. आप्पा खोलीत आले की मात्र भिंतीकडे वळायच्या. चहाचा कप धरून ते उभे राहत. "तारे, घे की गं. निवतोय." काकू वळत नसत.

उन्हाळा लागायच्या आत काकू गेल्या. आप्पांशी एक शब्दही न बोलता गेल्या.

मुलगा आप्पांना आपल्याकडे न्यायला आला, त्या सकाळी मी निरोप घ्यायला गेले. रिकाम्या खाटेवर आप्पा बसले होते.

"त्या दिशी गप बसलो असतो, तर बोलत गेली असती माझ्याशी," ते म्हणाले.

"पण मग पूजा?"

"व्हय. म्हनून तर बोललो." त्यांनी बसल्या जागी खाटेवरची चादर सारखी केली. "परत तशी येळ आली तर परत बोलंन, ताई. आन् तारा परत तोंड फिरवंल."

मी त्यांची पिशवी उचलली. बाहेर मुलगा हाका मारत होता.