शेवटचं प्रकरण ऐकायचं राहिलं

"मंग बाई, पोहोचले का पोट्टे?"

वाचनालयाच्या उंबऱ्याशी मासोळ्यांची रिकामी टोपली उपडी ठेवून मावशी बसायच्या आणि पहिला प्रश्न हाच. पोट्टे म्हणजे पुस्तकातले. चार भावंडं शिडाची होडी घेऊन, मोठं माणूस सोबत नसताना, तळ्यातल्या बेटावर राहायला जातात, अशी ती गोष्ट. दर शनिवारी मी गावच्या मुलांना तिचं एकेक प्रकरण वाचून दाखवायची. माझं शिक्षण म्हणाल तर सातवी. खोलीची किल्ली माझ्याकडं, म्हणून मी बाई.

मावशींना अक्षर येत नव्हतं, पण सारा जन्म आमच्या तलावात बांबूनं डोंगा ढकलण्यात गेलेला. शिडाचं ऐकून हसल्या. "लुगडं बांधून कोणी डोंगा चालवते का, बाई?" दोन दिवसांनी पाहते तर बांबूला स्वतःचं जुनं लुगडं बांधून मावशी पाण्यात. डोंगा निघाला तो थेट कमळाच्या वेलांत जाऊन अडकला. ओल्या पायांनी सांगायला आल्या, "चालते बाई. थांबत नाई फक्त."

तुम्हीही हसला असता.

मग मुलांतल्या चौघांना तलावातल्या टेकाडावर जायचं वेड लागलं. मावशींनी घाई केली नाही. महिनाभर पाठीला तरंगायला वाळक्या भोपळ्याचा तुंबा बांधून काठाशी पोहायला शिकवलं. मासे धरणाऱ्या ढिवरांची लेकरं अशीच पाण्याला सरावतात. एका शनिवारी मुलं गेल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, उद्या नेऊ का चौघांले टेकाडावर? तुंबे बांधून?"

मी कुलूप शोधत होते. "न्या की," म्हटलं.

रविवारी चार घरांत पोरांची शोधाशोध. सारा गाव तलावाच्या पाळीवर जमला. डोंगा काठाला लागला, तेव्हा चौघंही ताठ बसलेली, प्रत्येकाच्या पाठीवर तुंबा, तोंडावर राज्य जिंकल्याचा तोरा.

"कोणाले विचारून नेलं?" एकाचा बाप ओरडला.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

आणि मीच बोलले, सगळ्यांत मोठ्यानं. "मावशी, विचारायचं तरी होतं."

"चुकलं बाई," त्या म्हणाल्या, आणि खाली बसून एकेकाचा तुंबा सोडू लागल्या.

किल्ली जाईल, एवढीच मला भीती होती. गेली नाही. मावशींचा डोंगा मात्र गावानं काठावर पालथा घातला, पुन्हा पाण्यात सोडू दिला नाही. त्या परत उंबऱ्याशी आल्या नाहीत. महिन्याभरानं लेकीकडं घुग्घुसला गेल्या. तिथं कोळशाची धूळ, डोंग्याचं काय काम?

त्यांनी कुणाजवळ तोंड उघडलं नाही. मीही नाही. तुम्हालाच आज सांगते आहे.

शेवटचं प्रकरण त्यांचं ऐकायचं राहिलं. दोनदा पुस्तक पिशवीत घालून मी फाट्यापर्यंत गेले. बस आली, थांबली, गेली. मावशी पहिल्यांदा काय विचारतील ते मला पाठ आहे, आणि पोट्टे सुखरूप घरी पोहोचले हे सांगताही येईल. पण मग त्या माझ्याकडं बघतील, पाळीवर बघितलं तसं.