शिंप्याचं रान

गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान आणि चार दारं आत गेलं की घर. या दोन उंबऱ्यांच्या मधल्या वाटेवर मास्तरांचं सगळं आयुष्य गेलं. तेही चालत नाही, जवळजवळ पळत. गळ्यात टेप, खिशात खडू, ओठांत टाचण्या. जेवायला बसले तरी टेबलाखाली त्यांचा उजवा पाय पायडल मारत असे, आणि समोरच्या पेल्यातलं पाणी थरथरत असे. त्यांची बायको ते पाणी बघत जेवत असे. तिला सगळे बाई म्हणत. बाई पोस्टात खिडकीवर होत्या, आणि दिवसभर काचेमागे एका जागी बसून राहण्याची त्यांची ताकद मोठी होती.

मग मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. सुईचं भोक दिसेना, काळ्या कापडावरची काळी टीप दिसेना. दुकान पुतण्याकडे दिलं. डोळे निवृत्त झाले, पण हातांना ते कुणी कळवलंच नाही. मास्तरांनी घरातले सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले. उशांचे अभ्रे आत घेतले, तर उशा मावेनात. मग उशाच उसवल्या. महिनाभर घरात कापूस उडत होता. बाईंच्या कोटाचे खिसे त्यांनी बुजवले, कारण त्यात हात घालून उभं राहिलं की खांद्याची ठेवण बिघडते. बाई बाल्कनीत जाऊन आपल्या रोपांपाशी बसल्या.

ती एल्मची रोपं होती, नऊ. बारीक पानांची, बोटाएवढ्या खोडांची. बाई एका बोन्साय क्लबच्या सभासद होत्या आणि त्यांना एकाच उथळ कुंडीत अख्खं रान लावायचं होतं. त्यासाठी फांद्या खोचून, मुळं धरवून, त्यांनी ही नऊ झाडं कितीतरी उन्हाळे वाढवली होती. एक उंच, दोन मध्यम, काही बुटकी, एक तर अगदी गुडघ्यावर बसल्यासारखं. रानात असंच असतं, लहानमोठं.

एकदा बाई भावाकडे दोन दिवस राहायला गेल्या. मास्तर बाल्कनीत आले. नऊ झाडं, नऊ उंच्या. शिंप्याच्या डोळ्याला ते खुपलं, एका घेराला नऊ ठिकाणी नऊ लांब्या असाव्यात तसं. त्यांनी टेप लावला, बुटक्यांना हात लावण्यासारखं नव्हतं, म्हणून बाकी सगळी त्यांच्या मापावर आणली. कात्री छान चालली. घेर एकसारखा झाला. बाई परत आल्या तेव्हा मास्तर त्यांना हाताला धरून बाल्कनीत घेऊन गेले. एवढा आनंद त्यांना कित्येक दिवसांत झाला नव्हता.

बाईंनी पाहिलं. खांद्यावरची पिशवी त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती.

"घरातलं सगळं कापून झालं तुमचं," त्या म्हणाल्या. "आता मीच उरले."

आणि त्याच पिशवीनिशी त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला भावाकडे परत गेल्या.

मास्तरांना आधी वाटलं, राग आहे, उतरेल. मग पानं गळली, थंडी आली आणि राग काही उतरला नाही. बाई फोन करत, पण दुकानात, पुतण्याला. रोपांना पाणी घातलं का, कुंड्या वाऱ्यातून आत घेतल्या का, एवढंच विचारत. मास्तर शेजारी उभे राहून पुतण्याच्या तोंडाकडे बघत. आपलं नाव निघतंय का, याची वाट बघत. नाव निघायचं नाही. ते घरी जात, रोपांना पाणी घालत, परत दुकानात येत, पुतण्याच्या खुर्चीमागे उभे राहून टीप बघत, पुतण्या वैतागला की परत घरी जात. चपलांच्या टाचा झिजून गेल्या.

थंडी सरता सरता बाईंचा निरोप आला. रविवारी क्लबात रान लावायची कार्यशाळा आहे, रोपं घेऊन या. एका कुंडीला दोन माणसं लागतात, मला हात हवे आहेत.

"हात हवेत म्हणाली," मास्तर पुतण्याला म्हणाले. "माणूस हवाय असं नाही म्हणाली."

"हात एकटे कसे जातील, काका?" पुतण्या म्हणाला आणि त्याने मशीन सुरू केलं.

मास्तरांनी एकच ठरवलं, घरी चल असं आपण म्हणायचं नाही. म्हटलं आणि ती नाही म्हणाली, तर पुढे विचारायला काही उरणार नव्हतं.

क्लबाच्या खोलीत लांब टेबलांवर वर्तमानपत्रं अंथरलेली होती. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. मास्तरांनी रोपांची पेटी ठेवली, तशी त्यांनी नवऱ्याकडे न बघता झाडांकडे बघितलं. छाटलेल्या जागी कळ्या टरारल्या होत्या. त्यांनी एकेका खोडावरून अंगठा फिरवला. मास्तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. बसा म्हटल्यावर बसले, लगेच उठले, पाणी आणलं, सांडलं, पुसलं.

शिकवायला दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. क्लब त्यांचाच. मुळं विंचरायला त्या दवाखान्यातली बाद झालेली हत्यारं आणत, त्यामुळे निम्मी मंडळी तोंड घट्ट मिटूनच शिकत. त्यांनी बाईंची रोपं बघितली आणि विचारलं, ही कुणी छाटली? मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रान लहानमोठ्या उंचीवर उभं राहतं, आणि इथे तर सगळी एका मापाची.

"उंची गेली," बाई म्हणाल्या. "जाडी राहिली आहे. तिला टेप लागला नाही म्हणून."

शेजारच्या टेबलावरचे हसले. मास्तरही हसले, आणि त्यांच्या ध्यानात आलं की इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बाई त्यांच्याबद्दल चारचौघांत काहीतरी बोलल्या होत्या.

मग उपाय निघाला. जाड खोडाखाली मातीचा उंचवटा करायचा, बारीक झाडं उतारावर न्यायची. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सांगितलं, आधी कुंडीची दर्शनी बाजू ठरवा, तिच्यावर खडूनं खूण करा. जाड झाडं खुणेकडे, बारीक मागे, म्हणजे रान खोल दिसेल. कुठलीही तीन एका रेषेत नकोत. खोडाची छाटलेली, डागाळलेली बाजू मागे.

मास्तरांनी आपला खडू काढला आणि आपल्या बाजूच्या काठावर एक रेघ ओढली.

बाईंनी उथळ कुंडीच्या तळच्या भोकांवर जाळी बसवली, तार ओवली, खाली जाड वाळू पसरली. मग एकेक झाड त्याच्या कुंडीतून सोडवून दवाखान्यातल्या आकड्यानं मुळं विंचरली. लांब मुळं मास्तरांनी कापली. आधी विचारून. "एवढं?" बाई मान हलवत. "एवढं?" बाई मान हलवत. बाईंनी झाड धरायचं, मास्तरांनी तारेनं बांधायचं. पाय टेबलाखाली चालूच होता. बाईंनी एकदा कुंडीत थरथरणारी वाळू पाहिली आणि टेबलाखालून आपला पाय त्यांच्या पायावर ठेवला. पाय थांबला.

"आत्ता मुळं हलली तर धरणार नाहीत," त्या म्हणाल्या. पाय त्यांनी तिथेच राहू दिला.

आणि मास्तरांचे हात आपल्या सवयीनं चालले होते. चाळीसएक वर्षं त्यांनी खडू मारला तो कापडाच्या उलट बाजूला. खडूची बाजू ती आतली. गाठी, दाब, दोरे सगळे तिकडे. लोकांना दिसायची बाजू कायम त्यांच्यापासून पलीकडे. डॉक्टरीणबाईंचं बोलणं कानांनी ऐकलं, पण हातांनी खडूची रेघ तेवढी पाहिली. बारीक झाडं त्यांनी रेघेकडे ओढली, तारेचे पीळ रेघेकडे केले, छाटलेले डाग रेघेकडे वळवले. जाड, देखणी खोडं सगळी पलीकडे नेली. बाईंनी ते पाहिलं असेल, पण झाड जिकडे ढकललं जाई तिकडे त्या धरत गेल्या.

माती भरून, काडीनं ठासून, वर शेवाळ लावून झालं. डॉक्टरीणबाई आल्या, खडूच्या बाजूनं वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"मास्तर, ही तर पाठ आहे. तुम्ही रान उलटं शिवलंत."

मास्तरांनी बघितलं. समोर तारा, डाग आणि काटक्यांसारखी बारीक खोडं. दुसऱ्यांदा, त्यांच्या मनात आलं, दुसऱ्यांदा तिची झाडं मी वाया घालवली. हात लगेच पुढे झाले, "उसवतो, लगेच उसवतो," म्हणत त्यांनी तारेचा पीळ पकडला.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या.

त्या हलल्या नव्हत्या. कोपर टेबलावर टेकवून, झाडांच्या उंचीवर डोळे आणून बघत होत्या.

"इकडून बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आत वाट जाते आहे. इकडे या."

मास्तर टेबलाला वळसा घालून गेले आणि बाईंच्या शेजारी वाकले. जाड खोडं पुढे उभी होती, त्यांच्या मधून शेवाळावरून एक वाट निघून मागच्या बारीक झाडांत दिसेनाशी होत होती. डॉक्टरीणबाईंनी ओल्या बोळ्यानं खडूची रेघ पुसली आणि त्या पुढच्या टेबलावर गेल्या.

कुंडी लांब होती आणि ओल्या मातीनं जड झाली होती. एकट्याला उचलली तर कलंडणार. दोघांनी दोन टोकं धरली. दारातून निघताना मास्तरांचं टोक पुढे आलं, म्हणजे उलटं चालणं त्यांच्या वाट्याला आलं. त्यांना रस्ता दिसत नव्हता. रान दिसत होतं आणि रानावर बाईंचा चेहरा.

"सावकाश. पायरी आहे. अजून एक. डावीकडे खड्डा."

ते भरभर जाऊ लागले की बाई नुसत्या थांबत, आणि कुंडी त्यांना थांबवी. चौक आला. इथून एक रस्ता मेहुण्याकडे जातो, एक घराकडे. विचारायचं नाही, ठरलं होतं. उलटं चालताना कुठल्या दिशेला वळलो हेच त्यांना उमगेना. बाई फक्त "हं, या" म्हणत होत्या. भिंती सगळ्या सारख्याच वाटत होत्या.

मग पाठीमागून एक आवाज आला. मशीनचा. सुट्टीच्या दिवशीही पुतण्या बसला होता. आवाज जवळ आला, आणि मास्तरांच्या कानाला कळलं की दोरा घट्ट झालाय, टीप आखडते आहे, कापडाला चुण्या पडत असणार. दुकानाचं दार बरोबर उजव्या कोपराशी आलं. त्यांचं अख्खं शरीर तिकडे ओढलं गेलं.

पण दोन्ही हात गुंतलेले होते.

"दोरा सैल कर रे," ते न थांबता ओरडले.

"चला पुढे," बाई म्हणाल्या. "चार दारं राहिली."