माझ्या नावाची ट्रॉफी

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. आईला नाही, मित्रांना नाही, बाहेर पार्टीला बसल्यावरसुद्धा नाही — आणि तिथं तर माणूस नको ते सगळं ओकतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या रस्त्यात भेटलात तरी मी कोण ते तुम्हाला कळायचं नाही. एवढं एक बरं आहे.

मी देवळाली प्रवराच्या बाजूला एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क आहे. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढतो, मी वजन घेतो. रिकामा होऊन परत येतो, पुन्हा वजन घेतो, पावती देतो. झालं. या कामाला अक्कल लागत नाही, आणि माझी तर समजूत अशी की माझ्याकडं अक्कल पोत्यानं भरलेली आहे. त्यामुळं काट्यावर येणाऱ्या प्रत्येकाचा मला तिटकारा. धोतरवाल्या शेतकऱ्याचा तिटकारा, गाणी लावणाऱ्या ड्रायव्हरचा तिटकारा, खुर्चीत पेंगणाऱ्या साहेबाचा तर विचारूच नका. ही सगळी खालची माणसं, आणि मी चुकून यांच्यात येऊन पडलोय — असं वाटायचं मला. कशाच्या जोरावर?

मोबाईलच्या गेमच्या जोरावर. हसा, हसा. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, एकमेकांना मारतात, खेळायची जागा आवळत जाते आणि शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो. चौघांचा संघ असतो. आमच्यात नेवाशाचा एक मोबाईल दुरुस्त करणारा आणि राहुरीचे दोन मावसभाऊ होते. आवाजावरनं एकमेकांना ओळखायचो. ते मला ‘भाऊ’ म्हणायचे आणि मी त्यांना मनातल्या मनात बैल म्हणायचो. माझं गेममधलं नाव ‘प्रवरा किंग’. बत्तिशी गाठलेला घोडा, ढेरी सुटलेली, दोन वर्षांची पोरगी पदरात, आणि नाव काय तर प्रवरा किंग. आता लिहितानासुद्धा लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

पाळी संपवून घरी आलो की कानात हेडफोन. वर्षा, म्हणजे माझी बायको, ताट वाढून ठेवायची आणि ते निवून जायचं. गौरी, आमची पोरगी, पायाला मिठी मारायची तर तिला पायानंच बाजूला सारायचो. आई कुरकुरायची, पण माझ्यावर नव्हे. “तूच नवऱ्याला धरून ऱ्हात न्हाईस,” असं सुनेला म्हणायची. मी ऐकायचो. हेडफोनमधनं सगळं ऐकू येतं बरं का, लोकांना वाटतं येत नाही.

एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, आणि घरभर वास सुटला. मी गॅसच्या शेगडीपासून चार हातांवर बसलो होतो. वर्षा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती आणि जाताना मला दूध बघायला सांगून गेली होती. हे दूध लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

तर वर्षाचं. माझा जुना मोबाईल, एक कोपरा फुटलेला, मी तिला देऊन टाकला होता. त्यात गेम तसाच होता, माझ्याच नावाचा. ती दुपारी गौरीला झोपवून खेळायला लागली. मला कळलं तेव्हा मी खो खो हसलो. भाकरी थापणारी बाई बंदूक चालवणार? मग एका सुट्टीला मागं उभा राहून बघितलं. एका कानात इअरफोन, दुसरा कान पोरीसाठी मोकळा. घाई नाही. समोरच्याच्या पावलांचा आवाज ऐकून नुसती थांबून राहायची. मला ते कधीच जमलं नाही — थांबणं. मी फक्त चहा मागितला. तेव्हाच कळलं होतं मला. कळलं नव्हतं असं म्हणालो तर ते आणखी एक खोटं होईल.

मग तो रविवार. नगरच्या एका मोबाईल दुकानदारानं जिल्ह्याची स्पर्धा भरवली होती, आणि आमचा संघ फायनलला. सामना घरूनच खेळायचा, सकाळी अकराला. माझी पहिली पाळी बारापर्यंत. दुसरा क्लार्क दोन तास आधी येऊन मला सोडवणार असं ठरलेलं. तो आलाच नाही. ऐन हंगाम, काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग पार फाट्यापर्यंत. संघात तीनच जण दिसले असते तर आम्ही बाद. मी वर्षाला फोन केला. म्हटलं, माझ्या नावानं तू बस, माईक बंद ठेव, काही करू नकोस, गवतात लपून राहा फक्त. संघाला कळवलं, भाऊचा माईक बिघडलाय. बैलांनी मानलं.

सामना दुकानदाराच्या चॅनलवर लाइव्ह दिसत होता. मी केबिनमध्ये मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवून बघत होतो. मावसभाऊ आधी मेले, कारण ते नेहमीच आधी मरायचे. मग नेवाशाचा. उरला एकटा प्रवरा किंग, आणि समोर तिघं, एका दुमजली घराच्या आसपास. बाहेर ड्रायव्हर काच ठोकत होता, “ओ सायेब, काटा घ्या की, लई टाईम झाला.” मी ओरडलो, काटा बंद हाय. काटा ठणठणीत होता. पंधरा-वीस मिनिटं उसानं भरलेल्या गाड्या उन्हात उभ्या ठेवल्या मी, आणि तेवढ्यात तिनं ते तिघं टिपले. एक जिन्यावर. एक दारात. आणि तिसरा घराला वळसा घालून येत होता, तर ही खिडकीतून उडी मारून त्याच्या पाठीमागं गेली. माझं नाव स्क्रीनवर सोनेरी झालं. माझं.

घरी गेलो तर परातीत कणीक भिजवलेली तशीच, वर पापुद्रा धरलेली. गौरी तिच्या मांडीवर झोपलेली. वर्षा एवढी हसत होती की मला ओळखूच आली नाही. “जिंकलो ना?” म्हणाली. मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, जेवायला काय आहे?

नगरला बक्षीस घ्यायला मी गेलो. एकटा. पाहुणा कुणी स्थानिक पुढारी होता, त्याला हे क्रिकेट वाटत होतं की काय कोण जाणे, त्यानं भाषणात मैदानी खेळाचं महत्त्व सांगितलं. मी मनात त्याला शिव्या घातल्या — या अडाण्याला काय कळतंय म्हणून. आणि मी तिथं कोण होतो? तो बिचारा निदान स्वतःच्याच नावानं भाषण करत होता. ट्रॉफी भाऊचीच, असं संघानं आधीच म्हटलं होतं; ती आणली, टीव्हीच्या वर शोकेसमध्ये ठेवली. खाली पट्टी: प्रवरा किंग. आईनं हळदकुंकू लावलं तिला.

त्यानंतर मी खेळलो आणि सगळीकडं आपटलो. मावसभाऊ विचारायला लागले, भाऊ, त्या दिवशीचा हात कुठं गेला? हात कुठं होता ते मला माहीत होतं. भांडी घासत होता.

मग एका दुपारी वर्षानं विचारलं. एकदाच विचारलं तिनं. म्हणाली, “पुण्याला बायकांची वेगळी स्पर्धा आहे. मी नाव देऊ का? माझं?” पदर बोटाला गुंडाळत होती. बारावीनंतर तिला शिकायचं होतं, ते झालं नाही, तिथून इथवर तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, बघू. आणि मनात हिशेब मांडला. ही पुण्याला जाणार, खेळणार, जिंकणार, आणि बघणाऱ्याला एका मिनिटात कळणार की त्या फायनलला हात कुणाचा होता.

आमच्याकडं सून ऐकत नसली की तिच्या माहेरच्यांना बोलावतात. बैठक बसते. चहा होतो, पोरीचा बाप खाली मान घालून बसतो, पोरीला सगळ्यांसमोर चुकलं म्हणायला लावतात. मी असल्या बैठकांना जंगली म्हणायचो. कारखान्यात कुणाच्या घरी झाली की टवाळी करायचो. आणि तीच बैठक मी बोलावली. आईला आधी पेटवलं — तुझी सून दिवसभर मोबाईलमध्ये असते म्हणून. मग मिरजगावला सासऱ्यांना फोन लावला, आवाज जड करून. एवढा अभिनय मला येतो हे मला माहीत नव्हतं.

सासरे आणि वर्षाचे मामा सकाळच्या एसटीनं आले. सासरे कोरडवाहू शेती करणारे, चार शब्द बोलायचे तर दोनच बोलणारे. येताना नातीसाठी हुरडा आणला होता पिशवीत. त्यांना सोफ्यावर बसवलं. मी सुरू केलं. पोरगी रडत असते आणि ही गेम खेळते. घरात लक्ष नाही. परवा दूध उतू गेलं, गॅस चालू, पोरगी घरात, सगळे मेलो असतो. — दूध. तेच दूध. मी सांगितलं ते, तिच्या बापाला, तिच्यासमोर, तिच्या डोळ्यांकडं न बघता.

सासऱ्यांच्या डोक्यामागंच शोकेस होतं. वर्षा दारात उभी, तिच्या बरोबर समोर ती ट्रॉफी. तिनं नुसतं बोट केलं असतं तरी माझा खेळ खलास होता. मी वाट बघत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, “चुकलं माझं.”

सासरे उठले. माझ्यापुढं हात जोडले त्यांनी. सत्तरीच्या माणसानं. म्हणाले, “जावईबापू, आमचंच चुकलं. लेकरू हाय, सांभाळून घ्या.” मग तिच्यापुढं हात पसरला. तिनं मोबाईल दिला. तो त्यांनी बंडीच्या खिशात टाकला, चहा न पिता निघाले, आणि हुरड्याची पिशवी तेवढी आठवणीनं गौरीच्या हातात देऊन गेले.

मी काय केलं? आत जाऊन फोन चार्जिंगला लावला. माझा.

मिरजगावला गेलो की तो मोबाईल दिसतो. देवळीत ठेवलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर. कुणी वापरत नाही, कुणी टाकत नाही. सासरे अजून मी आलो की उठून उभे राहतात. मी त्यांना ‘बसा’ म्हणतो आणि त्यांच्या आधी बसतो.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. संघ मोडला. कारखान्यातला माझा तोरा मात्र तसाच आहे, नवीन पोरं अजून विचारतात, भाऊ, तुम्हीच ना ते? मी मान हलवतो. वर्षा दर आठवड्याला शोकेस पुसते. ट्रॉफी काढते, पुसते, होती तिथं ठेवते.

गेल्या रविवारी गौरीनं ती हातात घेतली. आता आठ वर्षांची आहे, शाळेत ‘माझे बाबा’ यावर बोलायचंय. म्हणाली, पप्पा, तुम्ही कसे जिंकलात सांगा ना. आता तरी? आठ वर्षांची पोर समोर, आई आत भाकरी करतेय. एक वाक्य होतं. मी ते बोललो नाही. मी गोष्ट सांगायला बसलो. तिघं उरले होते, म्हटलं. एक जिन्यावर मारला, एक दारात. मग खिडकीतून उडी मारली आणि डावीकडून वळसा घालून तिसऱ्याच्या मागं गेलो.

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला.

“उजवीकडून,” वर्षा म्हणाली.

गौरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, हो, उजवीकडून. तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि मी पुढची गोष्ट सांगितली.