तिला पत्ताही नाही

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या माझ्या शेजाऱ्याला दुकानांची सगळी ओळ कुलूपकाका म्हणायची. माझं चष्म्याचं दुकान त्याला लागून, मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. आईबापांची तिथे सतत ये-जा. "तासाभरानं आपोआप बंद पडेल असं करा." "तो गेम काढून टाका." "ही कोणाशी बोलते ते मला दिसलं पाहिजे." खोटं कशाला बोलू, माझ्या नातवाचा फोनही मीच त्याच्या हवाली केला होता.

चोरून मेसेज दाखवणारं ॲप टाकायला गिऱ्हाईक कां-कूं करायला लागलं की त्याचं एक ठरलेलं वाक्य असे. "अहो, माझ्या स्वतःच्या मुलीच्या फोनमध्ये टाकलंय. तिला पत्ताही नाही." एवढं ऐकलं की माणसं निमूट फोन पुढे करायची.

मुलगी नववीत. आई परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायची आणि निघताना बजावायची, "हिच्याकडे नीट लक्ष द्या." लक्ष देण्याची या बाबाला एकच तऱ्हा ठाऊक होती. दुपारी दुकान रिकामं झालं की तो आपल्या फोनवर तिचे मेसेज वाचत बसायचा.

एकदा त्यात भलतंच निघालं. वर्गातल्या मुलींनी तिच्याशी अबोला धरला होता. मधल्या सुट्टीत ती शाळेच्या मागच्या जिन्यात एकटीच बसून डबा खायची. हे तिनं फक्त मामेबहिणीला कळवलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'बाबांना मीच सांगेन, जरा धीर आला की.'

त्यानं दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना तोंडून निघूनच गेलं, "बाळा, जिन्यात नको गं बसत जाऊस. फरशी गार असते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

खरं सांगितलं तर ती पुन्हा काहीच लिहिणार नाही, मग आपल्याला काही कळायचं नाही, या भीतीनं त्यानं डबा बंद करून तिच्या दप्तरात घातला. मुलीनं काय समजायचं ते समजून घेतलं. दुपारी त्याच्याच फोनवर दिसलं, 'ताई, तुझ्या एकटीवर विश्वास होता माझा. परत मेसेज करू नकोस.' मामेबहिणीनं शपथा घेतल्या, रडत रडत बोलून व्हॉइस मेसेज पाठवला. हिनं तिचा नंबरच ब्लॉक करून टाकला.

हे त्यानं मला सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. "अरे, होती नव्हती ती एक बहीणही तोडलीस पोरीची. आत्ताच्या आत्ता घरी जाऊन सांग."

"सांगतो हो. जरा तिचा राग निवळू दे."

आठ दिवस गेले. मला त्याची चीड यायची आणि कीवही यायची.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती घराची किल्ली न्यायला दुकानात आली. मी पायरीवरच उभा होतो. एक बाई मुलाचा फोन हातात घट्ट धरून विचारत होत्या, "असं चोरून बघणं बरं दिसतं का हो?" तो पाठमोरा, मान खाली घालून एका फोनची तार जोडायला डाग देत होता. सवयीनं बोलून गेला, "अहो, माझ्या स्वतःच्या मुलीच्या फोनमध्ये टाकलंय. तिला पत्ताही नाही."

मी खाकरलो, पण उशीर झाला होता.

ती रडली नाही की ओरडली नाही. दप्तरातून फोन काढून तिनं काउंटरवर ठेवला. "ताई किती रडली, बाबा," ती म्हणाली. "आणि तुम्ही ते वाचत होतात." किल्ली घेऊन ती निघून गेली.

मग त्यानं मामेबहिणीला फोन करून सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "काका, तिनं माझं एकदाही ऐकून घेतलं नाही. आता मला नाही बोलायचं." मुलीचा फोन अजून खणात पडून आहे. कुलपांची कामं त्यानं बंद केली, त्याला बरेच महिने झाले.

घरी तो दोन ताटं वाढतो. मुलगी आपलं ताट उचलते, दार लोटून घेते आणि बाहेर जिन्यात बसून जेवते. फरशी गार असते, एवढं म्हणायचीही त्याला आता सोय राहिलेली नाही.