खंडेनवमीचा ड्रम

"टेप काळी झालीया की, सिस्टर. आता काय ऱ्हायलं?" आमचे थिएटर अटेंडंट विलासमामा विचारत होते. मी ड्रमच्या आत कापडावर पडलेलं कुंकू बघत होते. टेबलावर कागलची सुनीता सिझेरियनसाठी झोपली होती.

मुलांनो, निवृत्तीनंतर मी एका खासगी हॉस्पिटलचं ऑपरेशन थिएटर सांभाळत होते, तेव्हाची ही गोष्ट. ऑपरेशनची हत्यारं स्टीलच्या ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. ड्रमला चिकटवलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या, की ड्रम वापरायला तयार.

त्या दिवशी खंडेनवमी होती. शेतकरी कोयता पुजतो, आम्ही कात्र्या-चिमटे.

"पूजा कधी केलीत?"

"मशिनीतनं भाईर काढल्यावर. झाकण जरा उचललं न् चिमूटभर टाकलं. आधी टाकलं असतं तर धुऊन गेलं असतं न्हवं?"

मी तो ड्रम बाद केला आणि दुसरा ऑटोक्लेव्हला लावला. सुनीताला भूल दिली नव्हती, एवढं नशीब. दाराशी तिची सासू उभी होती.

"मुहूर्त टळला की वो, सिस्टर."

"मावशी, मुहूर्त घरी न्यायचाय का सून?"

त्या बाकावर जाऊन बसल्या. ऐकलं नाही ते आमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनी. फाईल घेऊनच आले.

"मॅडम, प्रोसिजर पूर्ण झालीय. धुणं, पॅकिंग, टेप, सही. चूक दाखवा."

"कुंकू दिसत नाही तुम्हाला?"

"त्याचा इथे उल्लेख नाही."

माझं डोकं फिरलं. प्रोसिजर म्हणजे एकेक काम कसं करायचं ते. प्रोसेस म्हणजे मळकी कात्री निर्जंतुक होऊन सुनीताच्या पोटापर्यंत तशीच पोचणं. ड्रम मशीनबाहेर आला की यांच्या लेखी काम संपलं. मशीन आणि थिएटर यांच्या मधे ड्रम ठेवतात त्या टेबलावर काय होतं, ते बघणं कोणाचंच काम नव्हतं. आणि जंतुसंसर्ग झाला असता, तर तो सुनीताला झाला असता, फाईलला नाही.

सुनीताला मुलगी झाली. टाके कोरडे राहिले, दोघी धडधाकट घरी गेल्या. मला मात्र उशीर केल्याबद्दल मेमो मिळाला. मी उत्तरात लिहिलं, की पूजा हत्यारं धुण्याआधी करावी आणि ड्रम बाहेर काढल्यापासून उघडेपर्यंत एका सिस्टरच्या ताब्यात असावा.

साहेबांनी एवढंच केलं: प्रोसिजरमध्ये ओळ घातली, "निर्जंतुक ड्रममध्ये कुंकू टाकू नये."

हळदीचं काय, ते मामांनी मला दुसऱ्याच दिवशी विचारलं.