मधल्या पाण्यातली रेंज

होडी लेतिसियाच्या काठाला लागायच्या आधी दोमितिला फोन बंद करायची, हिरव्या पानात गुंडाळायची, वरून सोपटाची गाठ मारायची आणि टोपलीत ठेवून द्यायची. टोपलीत तशाच पानांत बांधलेला गरम भात असायचा. पिवळा, आत कोंबडीचा एक तुकडा आणि अर्धं अंडं. भाताचे असे चाळीस पुडे, म्हणजे हुआने, विकायला ती रोज सकाळी सांता रोसा बेटावरून नदी ओलांडत असे. बेट पेरू देशाचं, लेतिसियाचा बाजार कोलंबियाचा, आणि फोनमधलं सिमकार्ड ब्राझीलचं, कारण तिची लेक इसाउरा ब्राझीलमध्ये, मानाउसला होती.

बाजाराच्या काठावर फोन चालू राहिला की तो परक्या टॉवरला जाऊन चिकटे, आणि आतला बॅलन्स भोक पडलेल्या मडक्यासारखा गळून जाई. असं एकदाच झालं होतं. तेव्हापासून बंद म्हणजे बंद.

पान बांधायचं ते पाण्याच्या शिंतोड्यांसाठी. एकदा घाईत तिनं एका पोलिसाच्या हातात भाताऐवजी फोनच ठेवला होता. तो दहा मिनिटांनी परत आला. "मावशी, आजचा भात जरा कच्चा राहिलाय."

दोमितिला त्यावर हसली नव्हती. तिनं फोन पुसून घेतला, त्याला एक हुआने दिला आणि पैसे घेतले नाहीत. आपल्या चुकीची भरपाई ती अशीच गुपचूप करून टाकायची.

संध्याकाळी साडेपाचला अब्दियासची होडी परत निघायची. त्याच्या होडीची एक रीत होती. नदीच्या ऐन मध्यावर, जिथून तिन्ही देशांचे टॉवर माडासारखे बारीक दिसायचे, तिथे तो इंजिन बंद करायचा. ती पेके-पेके धडधड थांबली की आधी कानांत पोकळी भरायची, मग पाण्याचा आवाज. तिथं ज्याला त्याला आपापल्या देशाची रेंज मिळायची. सगळे आपापले फोन काढायचे. कुणी बोलायचं नाही, कारण बोलायला पैसे पडतात. फोन नुसता वाजायचा आणि थांबायचा. अंधारून येणाऱ्या पाण्यावर आठ-दहा चेहरे काजव्यांसारखे उजळायचे. होडी वाहत राहायची. दोन-तीन मिनिटांनी अब्दियास विचारायचा, "झालं सगळ्यांचं?" आणि दोरी ओढायचा.

दोमितिलाचं आणि इसाउराचंही ठरलेलं होतं. एक रिंग म्हणजे बरी आहे, जेवले. दोन म्हणजे रविवारी स्वस्तातलं पॅकेज मारून बोलू. उचलायचं मात्र कधीच नाही. उचललं की पोरीचे पैसे गेले. तीन वर्षं रोज संध्याकाळी तो एक ठोका तिच्या तळहातात यायचा. तेवढ्यासाठी तिच्या दिवसाला संध्याकाळ असायची.

दोमितिला स्वतः कधी बेट सोडून गेली नाही. तिचं पहिलं घर नदीनं नेलं, दुसरंही नेलं, तिसरं तिनं आणखी उंच खांबांवर बांधलं. नवरा लाकडांच्या तराफ्यावरून नदीनं खाली गेला तो गेलाच. मग लेकही त्याच दिशेनं गेली, पण ती सांगून, रडून, टोपलीत दहा हुआने घेऊन. होडीच्या कडेवरून हात पाण्यात सोडून बसायची दोमितिलाला सवय होती. हेच पाणी मानाउसला जाणार. किती दिवसांनी, ते तिला माहीत नव्हतं. पण जाणार, एवढं पक्कं होतं.

इसाउराला दिवस गेले तेव्हा खुणांमध्ये एक भर पडली. तीन रिंगा म्हणजे बाळ झालं.

डॉक्टरनं सांगितलेली तारीख उलटून आठ दिवस झाले. सहाव्या दिवसापर्यंत एक रिंग येत होती. सातव्या दिवशी आली नाही. आठव्या दिवशीही नाही.

नवव्या दिवशी दोमितिलाचे अकरा हुआने उरले. असं कधी होत नसे. होडीत तिच्या शेजारी फ्लोरिपेस बसली होती, लिंबं आणि मिरच्या विकणारी, बेटावरची तिची शेजारीण. जिभेला हाड नसलेली, पण आज तीही रिकामी गोणी नुसतीच घडी घालत आणि उलगडत होती.

मध्यावर आल्यावर अब्दियासनं इंजिन बंद केलं. दोमितिलानं पानाची गाठ सोडली, फोन चालू केला आणि मांडीवर ठेवला.

तो लगेच वाजला.

एक. दोन. तीन. दोमितिलाचे ओठ हलले. पण रिंग थांबेना. चार. पाच. तिनं फोन दोन्ही हातांत धरला, पिल्लू धरावं तसा.

"अगं उचल की!" फ्लोरिपेस म्हणाली.

"उचलायचं नाही असं ठरलंय."

"सहा झाल्या!"

"सहाचं काही ठरलेलं नाही."

नऊ. दहा. अकरा. मग फोन गप्प झाला आणि नदी एकदम फार रुंद वाटली.

"अकरा म्हणजे काय गं?" फ्लोरिपेसनं विचारलं. "फुटबॉलची टीम काढली की काय तुझ्या पोरीनं?"

कुणीतरी हसलं. मग सगळ्यांनी दोमितिलाचा चेहरा पाहिला आणि हसू पाण्यात पडलं. फ्लोरिपेसनं हळूच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझ्या तोंडाला आग लागो. वाईट बातमी असती तर कुणी अकरा वेळा वाजवलं नसतं."

"वाईट असती तर सांगायलाच वाजवलं असतं," दोमितिला म्हणाली. "आणि मी उचललं नाही."

तिनं ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की अब्दियासनं दोरीला लावलेला हात मागे घेतला.

तिला आठवत होतं. इसाउरा सात वर्षांची असताना एकदा तापात रात्रभर हाका मारत होती आणि दोमितिला प्रत्येक हाकेला 'ओ' देत होती. एकही चुकवली नव्हती. आणि आता अकरा हाका आल्या, हातात आल्या, आणि ती मोजत बसली.

"मावशी," अब्दियास म्हणाला, "आता सुरू केलं तर बेटावर रेंज नाही मिळायची. नाही केलं तर होडी खाली ताबातिंगाकडं वाहत जाईल. तिकडं ब्राझीलचा टॉवर जवळ."

"सगळ्यांना उशीर होईल रे."

"माझ्या कोंबड्या काय मला टाकून जाणार नाहीत," फ्लोरिपेस म्हणाली. "जाऊ दे वाहत."

कुणीच 'नाही' म्हटलं नाही. होडी वाहू लागली. आकाश पपईच्या गरासारखं झालं होतं. लेतिसियाच्या चौकातल्या झाडांवर उतरणाऱ्या हजारो पोपटांच्या कल्ल्याची इथवर येईपर्यंत विरत विरत नुसती कुजबुज उरत होती. दूर एक गुलाबी डॉल्फिन पाठ दाखवून गेला. कुणी बोट दाखवलं नाही. दोमितिलाला वाटलं, अशीच वाहत राहिली ही होडी तर एका सकाळी मानाउसला लागेल, इसाउरा काठावर उभी असेल, आणि कुणाला काही मोजावं लागणार नाही.

तिनं नंबर लावला. साध्या वारी, पॅकेज नसताना, आयुष्यात पहिल्यांदा. कानात टूं टूं आवाज आला.

"लागत नाही."

"ती तुला लावत असेल आणि तू तिला," फ्लोरिपेस म्हणाली. "एकाच दारात दोघी अडकल्यात. तू मागं सर."

दोमितिलानं फोन मांडीवर ठेवला. होडीतल्या आठही माणसांनी त्याच्याकडं पाहिलं, चुलीवरच्या दुधाकडं पाहावं तसं.

तो वाजला. सवयीनं तिचे ओठ हलले. एक. दोन. तीन.

"बये, हात जोडते!" फ्लोरिपेस ओरडली.

चौथीला तिनं उचललं. पलीकडं कुणीतरी श्वास घेत होतं.

"आई? आई, अगं किती वेळ वाजवतेय!"

"तूच म्हणाली होतीस उचलायचं नाही."

"म्हणाले होते." इसाउरा हसत होती की रडत होती ते रेंजमध्ये नीट कळत नव्हतं. "तीनच वाजवणार होते. खरंच. पण तीन झाल्यावर ठेववेना. म्हटलं, आज आईनं चूक करावी."

"दोन दिवस काहीच नाही आलं."

"दोन दिवस मी कुठं होते मलाच माहीत नाही. पोट फाडावं लागलं. आता बरी आहे. मुलगी झालीय, आई. थांब, ऐक."

खरखर झाली. मग दोमितिलाच्या कानात एक रडणं आलं, पातळ, रागावलेलं, अगदी नवं. तिनं फोन कानापासून थोडा दूर धरला, म्हणजे होडीलाही ऐकू जावं. ते रडणं पाण्यावर पसरलं. अब्दियासनं टोपी काढली. फ्लोरिपेस गोणीत तोंड खुपसून बसली. नदी तिन्ही देशांच्या मधून निवांत वाहत होती.

"ऐकलंस? अजून ऐकवू? माझे पैसे जाऊ देत, आई, बोल तू. तीन वर्षांचं राहिलेलं बोल."

दोमितिलानं डोळे मिटले. बोलायला खूप होतं. तिसऱ्या घराचा खांब कलल्याचं होतं, पोलिसाला विकलेल्या फोनचं होतं, रोज पाण्यात सोडलेल्या हाताचं होतं. ते सगळं ओठांपर्यंत आलं. पण पलीकडचं रडणं थांबत नव्हतं, आणि ते कसलं रडणं आहे हे तिला एका क्षणात ओळखू आलं.

"ठेव फोन," ती म्हणाली. "भूक लागलीय तिला."