काकांच्या लाल गाडीचं मॉडेल

दोस्तहो, आपण जिच्यावर आठवडाभर भांडून राह्यलो, त्या इटालियन गाडीचं कोडं आज सुटलं. पण मले काही गोड वाटून नाही राह्यलं.

रिसोडच्या धान्यवाल्या काकांनी ही उघड्या छताची गाडी सत्तरच्या दशकात मुंबईहून आणली. जाड रबरी बंपर पाहून तुमी म्हणले, नंतरचं मॉडेल. मी म्हणलं, बंपर तर बदलताही येतो.

म्हणून आज काकांकडे गेलो अन् बोनेट उघडलं. आतल्या नंबराच्या पाटीवर ग्रीस-धुळीखाली लालसर थर होता. मले वाटलं गंज. पेट्रोलचा बोळा घेऊन खसाखसा घासला. आकडे दिसले. सुरुवातीचंच मॉडेल!

"काका, मी जिंकलो!"

काका वाकून पाहत राह्यले.

"पुसलं काय रे तू? गाडी आली तवा तुह्या काकूनं तेलात कुंकू कालवून तिथं स्वस्तिक काढलं होतं. बाहेर काढलं तर पावसानं धुऊन जाईन म्हणे, म्हणून आत काढलं."

काकूले जाऊन अजून वर्ष झालं नाही.

काका रागावले नाहीत. चहा पाजला. पाटीचा फोटो काढून आणला हाय. सांगा, कोणाले पाह्याचा हाय?